तिसरा नंबर नक्की कोणाचा?

गेल्या भाऊबीजेला आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळच्या घरी फराळ करता करता सुरू झालेली चर्चा बघता बघता शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी चढली. निमित्त क्षुल्लक होतं. डोंबिवलीहून आलेल्या माझ्या मावसभावाने रस्त्यालगतच्या भिंतीवर रंगवलेले फ्लेमिंगो आणि त्यांच्या शेजारचं स्वच्छतेचं घोषवाक्य पाहिलं होतं. चकली मोडता मोडता तो म्हणाला, "दादा, भिंती रंगवल्या की स्वच्छतेत देशात तिसरा नंबर मिळतो होय?"

ताई खारघरला राहते. तिने वर बघितलंच नाही. "नंबर यांचा आणि टँकर आमचा," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात करावे गावातला माझा मित्र आला होता. तो मूळचा इथला, आगरी. त्याच्या आजोबांची जमीन जिथे होती तिथे आज पंधरा-पंधरा मजली टॉवर आहेत. तो हसत म्हणाला, "आमचा गाव कंच्या नंबराव हाय, ता पन सांग."

मी यजमान, म्हणून चहा ओतत गप्प बसलो. पण गेली बावीस वर्षं मी या शहरात राहतोय आणि हा वाद मी लोकलमध्ये, सोसायटीच्या सभेत, भाजीच्या रांगेत इतक्यांदा ऐकलाय की एकदा तो नीट उलगडून लिहावा असं वाटलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या दिवशी तिघंही खरं बोलत होते आणि नंबरही खोटा नाही. गोंधळ होतो तो 'नवी मुंबई' या एकाच नावाने आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना हाक मारतो म्हणून.

आधी नंबर कुठले ते बघू. लोक दोन वेगळ्या याद्यांची सरमिसळ करतात.

पहिली यादी स्वच्छ सर्वेक्षणाची. त्यात मोठ्या शहरांमध्ये नवी मुंबई 2020 ला तिसरी होती, 2021 ला चौथी, 2022 आणि 2023 ला पुन्हा तिसरी. पुढे बहुतेक वेळा इंदूर आणि सुरत. 2024-25 च्या सर्वेक्षणात केंद्र सरकारने सतत वर राहणाऱ्या शहरांसाठी 'सुपर स्वच्छ लीग' नावाची वेगळी तुकडीच काढली. त्यात दहा लाखांवरच्या शहरांतून इंदूर, सुरत, विजयवाडा आणि नवी मुंबई यांना बसवलं. शाळेत हुशार मुलांची 'अ' तुकडी असायची, तसंच.

दुसरी यादी राहण्यायोग्य शहरांची, म्हणजे ईझ ऑफ लिव्हिंग इंडेक्स. ऑगस्ट 2018 मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा 111 शहरांत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी. इकडे फटाके वाजायचेच बाकी होते. मार्च 2021 मध्ये पुढची यादी आली. या वेळी दहा लाखांवरच्या शहरांचा वेगळा गट केला होता. त्यात बंगळुरू पहिलं, पुणे दुसरं आणि नवी मुंबई सहावी.

आता गंमत बघा. 2018 ला पुण्याला शंभरपैकी 58.11 गुण होते, नवी मुंबईला 58.02 आणि मुंबईला 57.78. पहिल्या आणि दुसऱ्या शहरात एका गुणाचाही फरक नाही, दशांशाच्या पुढे जाऊन नऊ शतांशांचा फरक आहे. पुढच्या यादीत नवी मुंबईला 61.60 गुण मिळाले. गुण वाढले, नंबर चार जागा खाली आला. पाचव्या नंबरच्या सुरतेला 61.73 होते. सुरतेत एखादी बाग जास्त आणि आमच्याकडे एखादा दवाखाना जास्त निघाला असता तर कदाचित उलटं झालं असतं. बातम्यांचे मथळे मात्र नंबराचेच होतात. 61.60 चा मथळा कोण छापणार?

गुण वाढूनही नंबर का घसरला? कारण प्रश्नपत्रिका बदलली. दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' असतं हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सहा विषयांतले सर्वांत चांगले पाच धरायचे. पोरगं तेच, पेपर तेच, पण सहाही विषय धरले तर टक्का वेगळा आणि पाच धरले तर वेगळा. शहरांच्या यादीतही सगळी मेख कोणत्या विषयाला किती गुण ठेवले यातच असते.

2018 च्या पेपरात शंभरपैकी 45 गुण भौतिक सुविधांना होते: पाणी, सांडपाणी, कचरा, वीज, वाहतूक, मोकळ्या जागा वगैरे. 25 गुण सामाजिक बाबींना, 25 कारभाराला. अर्थव्यवस्था आणि रोजगार यांना फक्त 5. असा पेपर पाहिला की नवी मुंबईच्या पालकांनी पेढे आधीच आणून ठेवावेत. आखीव शहराला मोकळी जागा, रुंद रस्ते, नाले हे जन्मतःच मिळालेले असतात. डोंबिवलीला ते आता पाडापाडी करून मिळवावं लागतं. पुढच्या पेपरात जीवनमानाला 35, आर्थिक क्षमतेला 15, शाश्वततेला 20 आणि लोकांना स्वतःला काय वाटतं त्याला 30 गुण ठेवले. म्हणजे तिसरा हिस्सा जवळजवळ नागरिकांच्या तोंडी परीक्षेचा. दोन्ही याद्यांची तुलना करू नये हे खरंच, गटही वेगळे होते. शिवाय पहिल्या वेळी कोलकात्याने भागच घेतला नव्हता. नंबर वाचताना शर्यतीत कोण धावलं नाही हेही बघावं लागतं.

स्वच्छ सर्वेक्षणाचा पेपर आणखी वेगळा. 2022 ला तो 7500 गुणांचा होता: 3000 प्रत्यक्ष सेवेला, 2250 प्रमाणपत्रांना (कचरामुक्त शहराचे तारे, हागणदारीमुक्तीचे दर्जे) आणि 2250 नागरिकांच्या प्रतिसादाला. म्हणजे मावसभावाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की नुसत्या भिंती रंगवून तिसरा नंबर मिळत नाही. पण शहर नटवून दाखवणं, कागदपत्रं वेळेत आणि नेटकी भरणं, लोकांना मोबाइलवर प्रतिसाद द्यायला लावणं याचाही निकालात वाटा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परीक्षा आली की अभ्यास जोरात होतो, तसं सर्वेक्षणाच्या हंगामात आमच्या दुभाजकांवरची झाडंही जरा जास्त टवटवीत दिसतात.

तरीही जे आहे ते आहे. आमच्या इमारतीत सकाळी ओला आणि सुका कचरा वेगळा घेतात. मिसळून दिला तर गाडीवाला परत करतो आणि तो परत केलेला डबा घेऊन जिना चढताना माणसाची जी अवस्था होते ती मी भोगली आहे. पुढच्या आठवड्यापासून आमच्या घरात दोन डबे आले. कोपरखैरण्याला जिथे एके काळी डम्पिंग ग्राउंड होतं, नाकाला रुमाल लावून लोक जायचे, तिथे ती जागा शास्त्रीय पद्धतीने बंद करून निसर्ग उद्यान केलंय. तिथे आता लोक सकाळी चालायला जातात. त्या टेकाडाच्या पोटात काय आहे हे नव्या पिढीला माहीतही नाही. कचरा आता तुर्भ्याला जातो आणि तुर्भ्याच्या आसपास राहणाऱ्यांना विचाराल तर ते वासाबद्दल वेगळं सांगतील. पण शहराचा कचरा कुठेतरी जाणारच. तो मोजून, वेगळा करून, प्रक्रिया करून जातो की नुसता डोंगर वाढतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्यात हे शहर बहुतेकांच्या पुढे आहे.

पाण्याचं तर विशेषच. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. राज्यात मुंबई सोडली तर स्वतःचं धरण असलेली दुसरी पालिका पटकन सांगता येणार नाही. दिवसाला 450 दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. हे धरण पालिकेने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. तेव्हा अनेकांना हा खर्च अंगावरचा वाटला असेल, आज तो शहराचा सर्वांत शहाणा सौदा ठरलाय. मुंबईत पाणीकपात जाहीर झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मोरब्याची पातळी फिरते, क्रिकेटच्या स्कोअरसारखी. ज्यांच्या जमिनी त्या धरणात गेल्या त्यांचं पुनर्वसनासाठीचं आंदोलन मात्र या स्कोअरमध्ये दिसत नाही. आणि दिघा-ऐरोलीच्या टोकाला पाण्याचा दाब कमी, ही ओरड दर उन्हाळ्यात असतेच.

मग ताईचं काय? तिचा टँकर कुठून आला?

हा या सगळ्या वादाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. 'नवी मुंबई' हे प्रकल्पाचं नाव म्हणून जन्मलं. 1960 च्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडणी केली, की मुंबई उत्तरेला रबरासारखी ताणत बसण्यापेक्षा खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवा. 17 मार्च 1970 ला हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं, सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन तिच्या अखत्यारीत आली. सरकारी कचेऱ्या इकडे हलतील, मंत्रालयही येईल, असं त्या मूळ स्वप्नात होतं. मंत्रालय आलं नाही, बेलापूरला कोकण भवन आलं. त्याच वर्षांत तिकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भर टाकून कचेऱ्यांचे टॉवर उभे राहत होते. लोकलगाडी खाडी ओलांडून वाशीला पोहोचली ती 9 मे 1992 ला, म्हणजे सिडकोनंतर बावीस वर्षांनी. शहर आधी आणि गाडी नंतर, ही इथली जुनी रीत आहे. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम 2011 ला सुरू झालं आणि पहिली गाडी नोव्हेंबर 2023 मध्ये धावली, यातलं कोणालाच नवल वाटलं नाही.

महापालिकाही उशिराच आली, वाशीच्या लोकलच्या जेमतेम चार महिने आधी. 1 जानेवारी 1992 पासून नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला, पण तिच्या हद्दीत दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा उत्तरेकडचाच पट्टा आला, साधारण 110 चौरस किलोमीटर. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे, द्रोणागिरी हे सगळे सिडकोनेच आखलेले भाग बाहेर राहिले. त्यातल्या खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल यांच्यासाठी 1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महापालिका झाली. उलवे तर आजही सिडकोच्याच हाताखाली आहे.

सर्वेक्षणात बसते ती महापालिका. तिसरा नंबर आला तो त्या 110 चौरस किलोमीटरचा. ताईच्या घराची जाहिरात 'नवी मुंबई' म्हणून झाली, कर्जाच्या कागदावर 'नवी मुंबई', कुरिअरवाला पार्सल आणतो त्यावरही 'खारघर, नवी मुंबई'. पिनकोड तेवढा खरं बोलतो: माझा 400 ने सुरू होतो, तिचा 410 ने. मोरब्याच्या नळावर पहिला हक्क माझा. तिच्या भागाला सिडकोच्या हेटवणे आणि इतर स्रोतांवर विसंबावं लागतं आणि इमारती पाण्याच्या आधी पोहोचल्या. बिल्डर पाटी लावताना सगळं नवी मुंबई म्हणतो, नंबर लागताना मात्र निम्म्याहून कमीच मोजलं जातं. जगातल्या बहुतेक उपनगरी शहरांची नाचक्की आणि नावलौकिक या हद्दीच्या रेघेवरच ठरतात. चांगलं तेवढं आत घेऊन रेघ ओढली की सरासरी आपोआप सुधारते. इथे ती रेघ कोणी मुद्दाम तशी ओढली असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच झाला.

बरं, रेघेच्या आत तरी सगळं एकसारखं आहे का? सरासरी ही फार सज्जन गोष्ट असते, कोणाचंच वाईट सांगत नाही. पाम बीच रोडलगतच्या एखाद्या टॉवरमधून खाडी बघितलीत तर तुम्हाला सिंगापूर आठवेल. तिथून रिक्षाने वीस मिनिटांवर कोपरखैरण्याची माथाडी वसाहत आहे. मशीद बंदरचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याच्या एपीएमसीत आला तेव्हा बाजाराबरोबर माथाडी कामगारही आले. त्यांच्यासाठी छोट्या-छोट्या प्लॉटांवर बैठी घरं दिली. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, घरावर एक मजला चढला, मग दुसरा, मग तिसरा. गल्लीची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. आता रात्री दहानंतर तिथे दोन्ही बाजूंना दुचाक्या लागतात आणि मधून रुग्णवाहिका न्यायची झाली तर आधी चार पोरांना उठवून गाड्या हलवाव्या लागतात. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे, एमआयडीसीच्या जमिनीवर, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत झोपडपट्ट्या आहेत. दिघ्यातल्या जवळपास शंभर बेकायदा इमारतींचा खटला 2015 च्या सुमारास उच्च न्यायालयात गाजला, लोकांच्या डोक्यावरचं छप्पर जातं की राहतं अशी वेळ आली. तेही तिसऱ्या नंबरचंच शहर.

आणि माझ्या मित्राचं गाव. आखीव शहर कोऱ्या कागदावर काढतात, असं आपण समजतो. इथे कागद कोरा नव्हता. त्यावर भातशेती होती, मिठागरं होती, कोळीवाडे होते. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण परिसरात जासईजवळ झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे 'साडेबारा टक्के' योजना आली: जितकी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. त्यातूनही सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात, म्हणजे हातात पडतात पावणेनऊ. इथल्या नव्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून 2021 ला इथे जे हजारो लोक रस्त्यावर उतरले त्यामागे हा सगळा हिशेब होता. ज्यांना तो माहीत नव्हता त्यांना तो नुसता नावाचा वाद वाटला.

शहर वाढलं तसं गावठाण वाढवायला हवं होतं. ते वेळेवर झालं नाही. मग गावकऱ्यांनी आपल्याच जुन्या जागेत घरं वाढवली. त्यांना इथे 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. शब्द सरकारी कागदांतही रुळलाय आणि मला तो फार बोलका वाटतो. कायद्याच्या भाषेत ती अनधिकृत, गावाच्या भाषेत गरजेची. नियमित करण्याच्या घोषणा किती झाल्या याची मोजदाद माझ्या मित्राने सोडून दिली आहे. सेक्टरातून त्याच्या गावात शिरलं की रस्ता एकदम हाताएवढा अरुंद होतो, नाल्याला झाकण नसतं. सेक्टरातली माणसं म्हणतात, गावात शिस्त नाही. पण शिस्त विकत घ्यायला जी जमीन लागली ती गावाचीच होती.

एक गोष्ट कुठल्याच नंबरात धड मोजली जात नाही, आणि माझ्या मते पुढच्या वीस वर्षांत हे शहर तिच्यावरच तरेल किंवा बुडेल. ती म्हणजे धारण तलाव, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. नवी मुंबई पारसिकच्या डोंगररांगेच्या आणि खाडीच्या मध्ये पातळ पट्टीसारखी पसरली आहे. या पट्टीचा बराच भाग भर घालून केलेला, उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. मुसळधार पाऊस पडत असताना भरती आली तर डोंगरावरून येणारं पाणी खाडीत जाणार कसं? उलट खाडीच शहरात येईल. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर नाल्यांच्या मुखाशी मोठे तलाव केले आणि त्यांना दारं लावली. भरती आली की दारं बंद होतात, खाडीचं पाणी बाहेर थांबतं, पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की दारं उघडतात, साठलेलं पाणी खाडीत निघून जातं. वाशीत ज्याला लोक मिनी सीशोर म्हणतात आणि संध्याकाळी जिथे मक्याची कणसं खातात, तो मुळात असा तलाव आहे. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबईही तसंच.

योजना सुंदर. पण गेल्या कित्येक वर्षांत हे तलाव गाळाने भरत गेले आणि गाळावर खारफुटी उगवली. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, खारफुटी खाडीची ढाल आहे. पण आता गाळ काढायचा तर खारफुटी आड येते, आणि नाही काढायचा तर तलावात पाणी मावत नाही. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या गळ्यात अडकल्या आहेत. एका जुलैत मी पहाटे दूध आणायला निघालो तेव्हा आमच्या गेटाबाहेर घोट्याएवढं पाणी होतं. पाऊस तर थांबला होता. वॉचमन म्हणाला, "साहेब, भरती आहे, साडेनऊपर्यंत थांबा." साडेनऊला खरंच पाणी ओसरलं. त्या माणसाला समुद्राचं वेळापत्रक पाठ होतं, मला लोकलचं.

फ्लेमिंगोंचंही तेच. शहराने त्यांना भिंतीवर, चौकात, बोधचिन्हात घेतलं. 2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावाजवळ काही फ्लेमिंगो मेलेले सापडले. तलावात खाडीचं पाणी येण्याचा मार्ग अडल्याची तक्रार पर्यावरणप्रेमी आधीपासून करत होते. 2025 मध्ये त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचं ठरलं, हे चांगलं झालं. पण तोवर भिंतीवरचे फ्लेमिंगो खऱ्या फ्लेमिंगोंपेक्षा सुरक्षित होते.

अजून एक मुद्दा मला नेहमी टोचतो. महापालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत मे 2020 मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. तिसऱ्या नंबरांतले बहुतेक याच काळातले. काही मित्र म्हणतात, बघा, नगरसेवक नसले की काम कसं छान होतं! मला हे पटत नाही. कचरा उचलणं प्रशासकाला चांगलं जमतं. करावे गावाची घरं नियमित करायची की नाही, तलावातला गाळ काढायचा की खारफुटी ठेवायची, हे कोणीतरी मतं मागायला दारात येणाऱ्यानेच ठरवायला हवं. मोजायला सोपं ते काम नंबरात येतं, भांडून ठरवायचं ते येत नाही.

मावसभावाचा आणखी एक आक्षेप होता, तो म्हणजे इथे जीव नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडला जी गर्दी होते, नवे कपडे घालून नुसतं उभं राहायला आणि कोणीतरी भेटायला, ती वाशीला होत नाही. मी विष्णुदास भावे नाट्यगृहाचं नाव पुढे केलं. त्याने हात झटकला. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि कुठल्या निर्देशांकाकडेही नसावं. डोंबिवली नंबरात कुठेच नाही, पण तिथला माणूस फडके रोडबद्दल बोलताना ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात मी सेक्टर 20 बद्दल अजून कोणाला बोलताना ऐकलेलं नाही.

तेव्हा नावलौकिक रास्त आहे का? पाणी, कचरा, सांडपाणी, पालिकेची आर्थिक शिस्त, एवढ्यापुरता पूर्णपणे रास्त, आणि तो कष्टाने टिकवलेला आहे, नुसता वारशाने आलेला नाही. शहर म्हणून, म्हणजे जिथे पाच माणसं पाच तऱ्हेने जगतात ते ठिकाण म्हणून, अजून नाही. घर घ्यायला निघालेल्या माणसाने यादीतला नंबर बघण्याआधी तीन प्रश्न विचारावेत असं मी सांगतो: इमारत कोणत्या पालिकेत येते, नळाला पाणी कोणत्या धरणाचं, आणि जमीन भाडेपट्ट्याची की मालकीची. सिडकोच्या जमिनी मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेल्या आहेत, घर विकताना हस्तांतर शुल्क आणि ना हरकत दाखला लागतो, हे पुष्कळांना टोकन दिल्यावर कळतं.

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा मी लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. मावसभाऊ जरा मागे रेंगाळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, ती सिडकोची लॉटरी परत कधी निघते रे? म्हणजे, चौकशी म्हणून."

मी म्हटलं, "निघेल. पण बरीचशी घरं तळोज्याला असतात."

"तळोजा म्हणजे तुमच्या त्या तिसऱ्या नंबरात येतं ना?"

ताईने लिफ्टचं बटण दाबलेलं होतं. "नाही येत," ती म्हणाली, "आमच्यात येतं."